क्लास घ्यायचा की पॉइंट मोजायचे? टेबलटॉप आरपीजीत पात्र घडवण्याच्या दोन रीती

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र वठवायचा खेळ. अशा खेळाच्या गटात नवीन माणूस आला की पहिली बैठक पात्र घडवण्यातच जाते. डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ (पुढे डी अँड डी) त्याच्यासमोर बारा क्लास ठेवतो: फायटर (लढवय्या), विझार्ड (मांत्रिक), क्लेरिक (देवाच्या बळावर जखमा भरणारा), रोग (इंग्रजी rogue, म्हणजे भामटा) वगैरे. यातला एक निवडा, लेव्हल वाढेल तशा ताकदी ठरलेल्या क्रमाने मिळत जातील. गर्प्ससारखा खेळ क्लासचं नावही काढत नाही. तो हातात शंभर पॉइंट देतो, सोबत मोठं दरपत्रक देतो, आणि हवं ते विकत घ्यायला सांगतो. पहिली रीत क्लासवर चालणारी, दुसरी क्लासलेस.

या दोन रीतींवर पुण्यातल्या गटांतही वाद होतात, आणि ते बहुतेक वेळा ‘स्वातंत्र्य की सोय’ या एकाच मुद्द्यावर अडकतात. आमच्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. टेबलाभोवती पाच जण बसलेत, प्रत्येकाला कधी ना कधी ‘आता माझी पाळी’ असं वाटायला हवं, आणि गटाचं कुठलंही महत्त्वाचं काम अडून राहता कामा नये. क्लास म्हणजे ही कामांची वाटणी, खेळ बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेली. क्लास काढून टाकला तरी वाटणी करावीच लागते. फक्त ती आता टेबलावर बसलेल्यांच्या अंगावर येते, आणि क्लासलेस खेळ फसतात ते बहुतेक ही जबाबदारी कुणी घेतलेली नसते म्हणून.

क्लास आले कुठून

१९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे चेनमेल नावाचे नियम आले. छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून मध्ययुगीन लढाया खेळायचे हे नियम होते, आणि त्यांच्या पुरवणीत वीर, मांत्रिक असे खास मोहरे होते. युद्धाच्या खेळात प्रत्येक तुकडीचं काम ठरलेलं असतं. घोडदळाने धडक मारायची, तिरंदाजांनी लांबून मारा करायचा. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डी अँड डी आणला तेव्हा तुकडीच्या जागी एकेक माणूस आला, पण ठरलेल्या कामाची कल्पना तशीच राहिली. तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक.

१९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत चौथा क्लास आला, थीफ. कुलूप उघडणं, सापळे निकामी करणं, दबक्या पावलांनी चालणं अशा कामांसाठी त्याला टक्केवारीत आकडे मिळाले. तोवर ही कामं कुणीही करून बघायचं आणि जमलं की नाही ते डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवायचा. थीफला आकडे मिळताच बाकीच्यांना ती कामं जमत नाहीत असा अर्थ आपोआप निघाला. नवा क्लास आला की जुन्यांच्या हातून काहीतरी जातं, हे तेव्हापासून चालत आलंय.

यावरचा उतारा लगेच शोधला गेला. १९७७ मध्ये ट्रॅव्हलर आला. त्यात पात्राचं पूर्वायुष्य चार-चार वर्षांच्या टप्प्यांत फाशांनी ठरतं, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र मरू शकतं. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये प्रत्येक स्किलला टक्के मिळाले आणि जे स्किल वापराल तेच वाढेल असा नियम आला. १९८१ च्या चॅम्पियन्समध्ये सगळं पॉइंट देऊन विकत घ्यायचं होतं. १९८६ मध्ये गर्प्सने हीच पद्धत कुठल्याही काळाला आणि कुठल्याही जगाला लागू केली.

एकच राघो, दोन पद्धतींनी

उदाहरण पुण्याचंच घेऊ. काळ पेशवाईचा. राघो हुजूर दफ्तरात कारकून आहे. दिवसभर मोडीत कागद लिहितो, पहाटे तालमीत कुस्ती करतो, नदीत पोहतो, आणि कुणाला न सांगता कुलपं उघडायला शिकलाय. गटाचं काम असं: कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणाऱ्या भुयारी नळात उतरायचं आणि आत लपवलेले कागद काढून आणायचे. दगडी नळ, मधले हौद, वर उघडणारे उच्छ्वास असा डन्जन पुण्याच्या जमिनीखाली तयारच आहे.

आधी डी अँड डीची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. सहा मूळ गुणांसाठी २७ पॉइंट मिळतात आणि प्रत्येक गुण ८ ते १५ मध्ये ठेवायचा असतो. ८ फुकट, १३ पर्यंत प्रत्येक पायरीला १ पॉइंट, पुढे १४ ला एकूण ७ आणि १५ ला ९. राघोची चपळता १५ (९ पॉइंट), बुद्धी १४ (७), ताकद १३ (५), काटकपणा १२ (४), शहाणपण १० (२), छाप ८ (०). बेरीज २७. वंशामुळे मिळणारी वाढ इथे धरलेली नाही.

क्लास कोणता? कुलपं उघडतो म्हणून रोग. म्हणजे चार स्किल, चोरीची हत्यारं वापरायचं कसब, आणि दोन गोष्टींत दुप्पट प्रावीण्य. हत्यारांवर दुप्पट घेतलं तर चपळतेचे +२ आणि प्रावीण्याचे +४ मिळून +६ होतात. कुलपाची काठिण्यपातळी १५ असेल तर डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) ९ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शक्यता ६० टक्के. कुस्तीसाठी अ‍ॅथलेटिक्स स्किल घेता येतं, त्यात ताकदीचे +१ आणि प्रावीण्याचे +२ असे +३. पोहणंही त्याच स्किलमध्ये आलं. मोडी म्हणजे एक जादा भाषा किंवा लिपी, ती पार्श्वभूमीतून मिळेल. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ९.

एवढ्याने राघो उभा राहिला, पण सोबत न मागितलेलंही आलं. स्नीक अटॅकचा, म्हणजे बेसावध शत्रूवरच्या वाराचा, डी६ (सहा बाजूंचा फासा) आला, आणि तो दर दोन लेव्हलांनी वाढणार: तिसऱ्या लेव्हलला दोन डी६, पाचव्याला तीन. चोरांची सांकेतिक भाषाही आली. दफ्तरातला कारकून गाफील शत्रूला सुरा मारण्यात पटाईत कसा, याचं उत्तर आता खेळाडूने शोधायचं. उलट पंचविशीतला कारकून दफ्तरी कामात किती मुरलेला आहे, त्याला या शीटवर जागाच नाही.

आता गर्प्सची चौथी आवृत्ती, १०० पॉइंट. मूळ गुण चार आणि सगळे १० पासून सुरू होतात. ताकद आणि प्रकृती यांची एक पायरी १० पॉइंटना, चपळता आणि बुद्धी यांची २० ना. राघोची बुद्धी १२ (४० पॉइंट), चपळता ११ (२०), ताकद ११ (१०), प्रकृती ११ (१०). इथे ८० गेले. उरलेल्या २० मध्ये स्किल: कुस्ती ४ पॉइंटना १२ वर, कुलपं उघडणं ४ ना १३ वर, दफ्तरी कारभार २ ना १२ वर, बनावट कागद करणं २ ना ११ वर, दबकून चालणं २ ना ११ वर, सुरा २ ना १२ वर, थापा मारणं २ ना १२ वर, पोहणं १ ला ११ वर, पुण्याची खडान्‌खडा माहिती १ ला १२ वर. बरोबर १००.

गर्प्समध्ये तीन साधे फासे टाकतात आणि बेरीज स्किलइतकी किंवा कमी आली की काम झालं. १० ला शक्यता ५० टक्के, ११ ला ६२.५, १२ ला सुमारे ७४, १३ ला जवळपास ८४. म्हणून १० च्या आसपास एकेक पायरी फार मोलाची आणि १५ च्या वर फारशी नाही. हे नवीन खेळाडूला सुरुवातीलाच सांगा, म्हणजे तो एकच स्किल १८ वर नेण्यात पॉइंट घालवणार नाही. आणि डी अँड डीतले ६० टक्के व इथले ८४ शेजारी ठेवून तुलना करू नका. गर्प्समध्ये अवघड कुलपासाठी गेम मास्टर (इथला डीएम) स्किलमधूनच आकडा वजा करतो.

कागदावर हा दुसरा राघो वर्णनाच्या जास्त जवळ आहे. दफ्तरी कारभार आहे, बनावट कागद आहेत, नको असलेलं काही नाही. पण तो घडवायला दीड-दोन तास लागतात, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते दरपत्रक एकट्याने वाचायला दिलंत तर पुढच्या शनिवारी तो येईलच असं नाही.

पॉइंटच्या हिशोबात काय बिघडतं

सगळ्यात मोठा सापळा मूळ गुणांचा. गर्प्समध्ये एखादं स्किल सुरुवातीच्या पायऱ्यांनंतर आणखी एकाने वाढवायला ४ पॉइंट पडतात. चपळतेवर चालणारी पाच स्किल एकेकाने वाढवली तर २० पॉइंट, आणि नुसती चपळता एकाने वाढवली तरी २०. म्हणजे सहावं स्किल घेतलं की चपळताच स्वस्त पडते, शिवाय न शिकलेल्या गोष्टीही थोड्या सुधारतात. हे गणित कळलेला प्रत्येक खेळाडू त्याच वाटेने जातो. मग पाचही पात्रांची चपळता १४, आणि पाचही जणांना सगळं थोडंथोडं येतं. हवं ते घ्यायची मोकळीक दिली आणि सगळे सारखेच निघाले. उपाय एका वाक्याचा आहे: १०० पॉइंटच्या खेळात कुठलाही मूळ गुण १३ च्या वर न्यायचा नाही. आमच्या राघोचेही ८० पॉइंट मूळ गुणांतच गेलेत, यावरून हा ओढा किती जोरदार आहे ते लक्षात येईल.

दुसरा सापळा दोषांचा. गर्प्समध्ये पात्राला दोष घेतला की पॉइंट परत मिळतात. राघोला चौकसपणाचा दोष दिला (उणे ५) आणि सोबत्यांना सोडून न जाण्याची बांधिलकी दिली (उणे ५), तर मिळालेल्या १० पॉइंटमध्ये त्याची ताकद ११ वरून १२ होते. हा सौदा चांगला आहे, कारण बंद हौदापाशी चौकसपणा नक्की त्रास देणार. पण कुणी समुद्राची भीती घेतली आणि सगळा खेळ पेठांतच होणार असेल, तर ते पॉइंट फुकटात मिळाले. गेम मास्टरने प्रत्येक दोषामागे एकच गोष्ट विचारावी: पहिल्या तीन बैठकांत हा दोष तुला नेमका कुठे अडवेल? उत्तर आलं नाही तर दोष नामंजूर. एकूण दोष सुरुवातीच्या पॉइंटच्या निम्म्याहून जास्त नसावेत असं नियमांतच सुचवलेलं आहे. नवीन गटासाठी तेही जास्त वाटतात, चौथा हिस्सा पुरे.

तिसरा बिघाड सगळ्यात जास्त वेळा होतो आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतो. पाच जणांनी आपापल्या घरी पाच सुरेख पात्रं घडवली, आणि नळात उतरल्यावर कळलं की जखम बांधता येणारं कुणीच नाही. क्लास असते तर क्लेरिक कोण होतंय हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत निघाला असता. क्लासलेस खेळात तो गेम मास्टरने काढायचा. पात्रं घरी घडवायची नाहीत, पहिल्या बैठकीत सगळ्यांनी एकत्र बसून घडवायची. त्याआधी कागदावर कामांची यादी करायची. आपल्या नळाच्या मोहिमेसाठी ती अशी होईल: कुलूप, पाण्यात पोहणं आणि उच्छ्वासातून चढणं, जखम बांधणं, मोडी वाचणं, चौकीवरच्या शिपायाशी बोलणं, लढणं. प्रत्येक काम किमान दोन पात्रांना बऱ्यापैकी जमायला हवं, म्हणजे गर्प्समध्ये स्किल १२ तरी. दोन अशासाठी की एकजण कधी ना कधी गैरहजर असणारच. पण एका कामात सगळ्यात वरचा आकडा एकाचाच असू द्यावा. दोघांचंही कुलूप १४ वर असेल तर एकजण रात्रभर हात चोळत बसतो.

वापराने वाढणाऱ्या स्किलचा बिघाड वेगळाच. कॉल ऑफ क्थुलूमध्ये यशस्वी वापरलेल्या स्किलसमोर खूण करतात आणि नंतर शंभराचे फासे टाकतात. आलेला आकडा स्किलपेक्षा जास्त असेल तरच ते वाढतं. कमी येत असलेलं भरभर वाढतं, मुरलेलं हळूहळू, आणि हे खऱ्या शिकण्यासारखंच आहे. पण खूण मिळावी म्हणून खेळाडू एकाच लढाईत आधी सुरा, मग लाठी, मग दगड वापरायला लागतात. खूण फक्त अटीतटीच्या प्रसंगी द्यायची, एवढं पाळलं की हे थांबतं.

क्लासच्या खेळात काय बिघडतं

इथे नवीन खेळाडू सहसा चुकत नाही, चुकतो तो थोडा सरावलेला. राघोला कुस्ती जास्त हवी म्हणून पुढे फायटरचे लेव्हल घ्यावेसे वाटतात. पाचव्या आवृत्तीत दुसरा क्लास घ्यायला दोन्ही क्लासचा मुख्य गुण किमान १३ लागतो, तो त्याच्याकडे आहे. पण पाचवा लेव्हल हा मोठा टप्पा असतो. फायटर पाचला एका पाळीत दोन हल्ले मिळतात, विझार्ड पाचला तिसऱ्या पातळीचे मंत्र, रोग पाचला स्नीक अटॅकचे तीन डी६. रोग तीन आणि फायटर दोन असलेल्या राघोला यातलं काहीच नाही, आणि क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळणारी गुणवाढही हुकलेली. बाकीचे चौघे एकदम पुढे जातात. दुसरा क्लास घ्यायचाच असेल तर एका क्लासमध्ये पाच लेव्हल पूर्ण करून घ्यावा.

दुसरी अडचण जगाची, आणि आपल्याकडे ती जास्त जाणवते. क्लास रिकामे नसतात, ते आपलं जग सोबत घेऊन येतात. पेशवाईतला खेळ जादूशिवाय खेळायचा ठरवला तर पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातल्या बारापैकी चारच क्लास हाती राहतात: बार्बेरियन, फायटर, मंक, रोग. क्लेरिक, ड्रुइड, बार्ड गेले की जखमा भरून काढायची सोयही गेली, तर लढायांचे आकडे ती सोय आहे असं धरूनच बांधलेले असतात. ऐतिहासिक पुण्यात, जादूविना खेळायचं असेल तर सरळ क्लासलेस पद्धत घ्या. भुतं, मांत्रिक, वेताळ सगळं चालणार असेल तर क्लास ठेवा आणि फक्त वर्णन बदला. मंकचे आकडे जसेच्या तसे ठेवून तालमीतला पैलवान उत्तम होतो, वॉरलॉकचा मांत्रिक होतो. आकड्यांना हात लावायची गरज नाही.

मधल्या वाटा

शुद्ध क्लास आणि शुद्ध पॉइंट यांच्यामध्ये बरंच काही आहे, आणि आमच्या मते बहुतेक गटांची सोय तिथेच होते. शॅडोरनने १९८९ मध्ये वंश, जादू, मूळ गुण, स्किल आणि पैसा या पाच गोष्टींना अ पासून इ पर्यंत पसंतीक्रम द्यायला लावला. एक गोष्ट भरपूर मिळाली की दुसरी तोकडी पडणार, त्यामुळे आपोआप वाटणी होते. कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत पात्राचा व्यवसाय निवडायचा असतो. बऱ्याच व्यवसायांना शिक्षणाच्या चौपट पॉइंट त्या व्यवसायाच्या स्किलवर मिळतात, वर बुद्धीच्या दुप्पट कुठेही वापरायला. व्यवसाय नुसती सुरुवात देतो, पुढे बांधून ठेवत नाही. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमधली प्लेबुक म्हणजे दोन पानांत मावणारा क्लास. एक प्लेबुक एकानेच घ्यायचं, त्यामुळे वाटणी उघड्यावर होते.

केर्न नावाचा खेळ तर दुसऱ्या टोकाला जातो. तीन फाशांनी ठरणारे तीन गुण, एका डी६ वर हिट प्रोटेक्शन, आणि सामानाचे दहा कप्पे. बास. जड चिलखत घातलं, तलवार घेतली की तुम्ही लढवय्ये. मंत्राचं पुस्तक उचललं की मांत्रिक. चिलखत आणि पुस्तकं दोन्ही कप्पे अडवतात म्हणून एकाला सगळं जमत नाही. पात्र दहा मिनिटांत तयार होतं. मेलं तर पुढच्या दहा मिनिटांत दुसरं.

तुमच्या टेबलासाठी

एकाच संध्याकाळी संपणारा खेळ असेल, निम्मे जण नवीन असतील आणि दोघे हिंजवडीहून ट्रॅफिकमधून येणार असतील, तर क्लास घ्या आणि पात्रंही आधीच घडवून ठेवा. सहा जणांसाठी आठ शीट, म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही निवड उरते. दर आठवड्याला भेटणारा, वर्षभर चालणारा गट असेल आणि खेळाचं जग तुमचं स्वतःचं असेल, तर पॉइंटची मेहनत वसूल होते.

चाचपून बघायला खर्च नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, म्हणजे श्रेय देऊन त्यांचं मराठी भाषांतर करायलाही मोकळीक आहे. केर्नही तसाच खुला. गर्प्सची लाइट आवृत्ती बत्तीस पानांची आणि मोफत आहे. परवाना खुला नसला तरी पद्धत समजून घ्यायला तेवढी पुरते.

शेवटी एक नियम, दोन्ही पद्धतींना लागू पडणारा. तिसऱ्या बैठकीपर्यंत प्रत्येकाला आपलं पात्र फुकटात बदलू द्या: क्लास बदला, पॉइंट परत घेऊन दुसरीकडे टाका, दोष काढा. नाव आणि आतापर्यंत घडलेली गोष्ट तेवढी कायम. कुठलं स्किल किती वेळा लागतं ते खेळल्याशिवाय कळत नाही. ही मुभा मिळणार हे माहीत असलं की पहिल्या दिवशी पुस्तकात डोकं घालून बसायची धास्तीही राहत नाही. तिसऱ्या बैठकीनंतर शीटवर पेनाने लिहायचं.